मोटारसायकलीची विद्युत् यंत्रणा : दोषनिदान

मोटारसायकलीतील विजेची निर्मिती, साठवण, वहन व वापर करणाऱ्या भागांच्या संचास तिची विद्युत् यंत्रणा म्हणतात. या यंत्रणेतील बिघाडाचे स्थान व कारण क्रमवार चाचण्यांनी निश्चित करणे म्हणजे दोषनिदान होय. प्रस्तुत नोंदीत ६ व्होल्ट दाबाची घटमाला (बॅटरी) व यांत्रिक संपर्क विच्छेदक (पॉइंट) असलेल्या जुन्या मोटारसायकलींचा विचार केला आहे. मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफील्ड इंडिया कंपनीची बुलेट, तसेच म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीच्या जावा व १९७३ पासूनच्या येझदी या गाड्या भारतातील या प्रकारच्या प्रमुख गाड्या होत. आयडियल जावाचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी यांपैकी पुष्कळ गाड्या अद्याप वापरात आहेत. रात्री चालत्या गाडीचा दिवा एकाएकी गेल्यास तो प्रसंग जिवावर बेतू शकतो. उलटपक्षी, केवळ अंदाजाने एकामागून एक भाग बदलल्यास खर्च होऊनही मूळ दोष तसाच राहतो आणि आता दुर्मिळ झालेले चांगले भाग नाहक टाकले जातात.

रचना : एंजिनाच्या भुजादंडाबरोबर फिरणारे जनित्र वीज निर्माण करते. जावासारख्या गाड्यांत ते एकदिश प्रवाहाचे (डायनामो) असते. इतर अनेक गाड्यांत ते प्रत्यावर्ती प्रवाहाचे असून त्याच्या प्रवाहाचे एकदिशकारकाने एकदिश प्रवाहात रूपांतर केले जाते. ही वीज घटमालेत साठविली जाते व तेथून दिवे, भोंगा आणि प्रज्वलन वेटोळे (कॉइल) यांना पुरविली जाते. प्रत्येक उपकरणाकडे जाणारी तार एकच असते. प्रवाहाचा परतीचा मार्ग गाडीचा धातूचा सांगाडा हाच असतो, त्यामुळे सांगाड्याशी असलेला प्रत्येक जोड (अर्थ) हा मंडलाचाच भाग ठरतो. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत घटमालेचे धनाग्र सांगाड्यास जोडलेले असे. म्हणून घटमाला बदलण्यापूर्वी कोणते अग्र सांगाड्यास जोडले आहे हे पाहणे आवश्यक असते. ती उलटी जोडल्यास एकदिशकारक तत्काळ निकामी होऊ शकतो.

कमी दाबाचे परिणाम : ३० वॉटच्या दिव्यास १२ व्होल्ट दाबाला २.५ अँपिअर, तर ६ व्होल्ट दाबाला ५ अँपिअर प्रवाह लागतो. गंजलेल्या एखाद्या जोडाचा रोध ०.२ ओहम असल्यास ६ व्होल्टच्या गाडीत तेथे सु. ०.९ व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाच्या सु. १५ टक्के दाब वाया जातो. १२ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच रोधामुळे सु. ४ टक्केच दाब कमी होतो. तंतुदीपाचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी अधिक वेगाने घटत असल्याने पहिल्या गाडीचा प्रकाश सु. ४० टक्क्यांनी उतरतो. जुन्या गाडीचा दिवा मंद असण्याचे कारण बहुधा दिव्यात वा जनित्रात नसून अशा जोडांत असते.

तपासणीचा क्रम : प्रथम दोषाची व्याप्ती ठरवितात. सर्वच उपकरणे बंद असल्यास घटमाला, तिचे अग्रजोड, वितळतार (फ्यूज), मुख्य स्विच व सांगाड्याचा मुख्य जोड यांपैकी एकात दोष असतो. एकच उपकरण बंद असल्यास तेवढ्याच शाखेची तपासणी पुरेशी असते. दोन तारा जोडलेला ६ व्होल्टचा लहान दिवा आणि साधा व्होल्टमापक एवढ्या साधनांवर बहुतेक दोष सापडतात.

घटमाला : तिच्यात शिसे-अम्ल प्रकारचे तीन घट असतात. पूर्ण भारित घटमाला काही तास विश्रांतीनंतर सु. ६.३ ते ६.४ व्होल्ट दाब दाखविते. मात्र केवळ या वाचनावर विसंबणे योग्य नव्हे. पुढील दिवा लावल्यावर दाब झपाट्याने कोसळल्यास घटमाला निकामी वा विसर्जित समजावी. अम्लाचे विशिष्ट गुरुत्व पूर्ण भारित अवस्थेत सु. १.२५ ते १.२८ असते. तिन्ही घटांपैकी एकाचेच गुरुत्व बरेच कमी असल्यास त्या घटात दोष असतो. अम्लाची पातळी कमी झाल्यास फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालतात.

तारा व जोड : सुकाणू वळविताना तारा सतत वाकत असल्याने सुकाणूच्या खांबाजवळ त्या आतून तुटतात, परंतु बाहेरचे निरोधन शाबूत दिसते. पावसाळ्यात व समुद्रकिनारी जोडांवर हिरवट क्षार साचतो. तारेतील एखादाच तंतू शिल्लक असला तरी रोधमापक ती अखंड असल्याचे दाखवितो, पण दिव्याचा ५ अँपिअर प्रवाह ती वाहू शकत नाही. यास्तव जोडाची परीक्षा प्रवाह चालू असतानाच करतात. दिवा लावून संशयित जोडाच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमापक जोडावा. वाचन शून्याच्या जवळ असावे. ते ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असल्यास जोड उघडून, घासून पुन्हा आवळावा. सांगाड्याच्या जोडाखालचा रंग खरवडणेही जरूर असते. वितळतार वारंवार जात असल्यास तार कोठेतरी सांगाड्यास चिकटलेली असते. अशा वेळी एकेक शाखा सोडवून दोषस्थान शोधतात. वितळतारेऐवजी तांब्याची तार वा चांदीचा कागद लावल्यास तारांचा संपूर्ण जुडगा जळून पेट्रोल टाकीखाली आग लागण्याचा धोका असतो.

भारण : एंजिन मध्यम वेगाने चालवून घटमालेच्या अग्रांवरील दाब मोजतात. तो सु. ७ व्होल्टपर्यंत चढल्यास भारण होत आहे असे समजतात. तो मुळीच चढत नसल्यास डायनामोचे झिजलेले कार्बन (ब्रश), काजळलेला दिक्परिवर्तक किंवा नियंत्रक तपासतात. दाब ७.५ व्होल्टच्या वर जात असल्यास अतिभारण होऊन अम्लातील पाणी उडते. घटमालेची वीज उलट डायनामोत जाऊ नये म्हणून नियंत्रकात कटआउट असतो. त्याचे संपर्क चिकटल्यास उभ्या गाडीची घटमाला रातोरात उतरते. प्रत्यावर्ती जनित्राच्या गाडीत हाच परिणाम एकदिशकारकातील दोषामुळे होतो. काही गाड्यांत दिवे घटमालेऐवजी थेट जनित्रावर चालतात. त्यांचा प्रकाश एंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त होतो व एक दिवा गेल्यास वाढलेल्या दाबाने दुसराही जाऊ शकतो.

प्रज्वलन : प्लग काढून, त्याची तार जोडलेली ठेवून व त्याचे धातूचे अंग एंजिनास टेकवून किक मारतात. निळसर व जोमदार ठिणगी पडल्यास दोष प्रायः इंधनात वा प्रज्वलनकालात असतो. ठिणगी पिवळट, क्षीण अथवा गैरहजर असल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहतात व नंतर पॉइंट तपासतात. पॉइंटमधील कमाल अंतर बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिमी. असते, तथापि उत्पादकाने दिलेले मापच प्रमाण मानावे. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या पडून ते लवकर जळत असल्यास त्यांना समांतर जोडलेले धारित्र (कंडेन्सर) बहुधा निकामी झालेले असते. गरम झाल्यावर एंजिन बंद पडणे आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होणे हे कॉइल वा कंडेन्सर यांतील दोषाचे नेहमीचे लक्षण होय. पेट्रोल टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यासही असेच घडते, कारण तेव्हा इंधनाचा पुरवठा थांबतो. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी एंजिन बंद पडताच, ते थंड होण्यापूर्वी, ठिणगी तपासावी. थंड एंजिनावर घेतलेली चाचणी येथे दिशाभूल करते.

दक्षता : ठिणगी तपासताना सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे व प्लगचे तोंड सिलिंडरच्या छिद्रापासून दूर ठेवावे. प्लगची तार अधांतरी ठेवून किक मारल्यास कॉइलमधील निरोधन फुटू शकते. भारणाच्या वेळी घटमालेतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून तिच्याजवळ ज्योत नेऊ नये. तारांवर काम करण्यापूर्वी सांगाड्याकडील अग्रजोड प्रथम सोडवावा व काम संपल्यावर तो शेवटी जोडावा. एका वेळी एकच भाग बदलून लगेच चाचणी घ्यावी, म्हणजे दोष कशामुळे दूर झाला हे निश्चित कळते आणि काढलेला भाग खरोखरच सदोष होता की नाही याचाही उलगडा होतो.