गोल पटावरचे बुद्धिबळ

बुद्धिबळाचा पट चौकोनीच असतो, असे आपण धरून चालतो. पण तीच चौसष्ट घरे गोलातही मांडता येतात. दहाव्या शतकातल्या अल-मसूदी या अरब लेखकाने अशा गोल पटाची नोंद केली असून तो रोमी, म्हणजे बायझंटाइन लोकांचा सांगितला आहे. १९८३ मध्ये इंग्लंडमधील लिंकन शहरात डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी हा खेळ नव्या नियमांनी पुन्हा सुरू केला आणि १९९६ पासून तिथे त्याच्या स्पर्धा भरू लागल्या.

आरोग्याच्या पानावर हा खेळ कशासाठी? १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, की मुरलेला खेळाडू ती बरीचशी आठवून परत मांडत असे. नवख्याला थोड्याच सोंगट्या आठवत. त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून दाखवल्या, तेव्हा दोघांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे तरबेज खेळाडूचे बळ पुष्कळसे ओळखीच्या मांडण्यांत असते. पटाचा आकारच बदलला, की ही शिदोरी कमी पडते. क्लास लावलेले मूल आणि फी परवडत नाही म्हणून घरीच शिकलेले मूल, दोघांनाही प्रत्येक घर नव्याने न्याहाळावे लागते. आजोबा आणि नातीचा डावही मग अगदीच एकतर्फी होत नाही.

पट घरी होतो. वर्तमानपत्राचे जोडपान घ्या. मधोमध पेन्सिल-दोरीने ८, १२, १६, २० आणि २४ सेंटीमीटर त्रिज्येची पाच वर्तुळे काढा. बाहेरचे वर्तुळ कापून कागद चार वेळा निम्मा दुमडा. उघडला की मोसंबीसारख्या सोळा फाका दिसतील. कडी चार, फाका सोळा, घरे चौसष्ट. एक सोडून एक घर रंगवा आणि कागद खळीने पुठ्ठ्यावर चिकटवा. सोंगट्या नसतील तर बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरे लिहा.

मांडणी शेजारच्या दोन फाकांत. सगळ्यात आतल्या कड्यात राजा व वजीर, त्याबाहेर दोन उंट, मग घोडे, शेवटी हत्ती. लगतच्या दोन्ही फाकांत चार-चार प्यादी. समोरच्याचे सैन्य बरोबर पलीकडे. दोन्हीकडे प्याद्यांच्या मध्ये चार-चार फाका रिकाम्या राहिल्या, तर मांडणी बरोबर समजा. प्यादी आपल्या सैन्यापासून दूर, गोल फिरत पुढे जातात आणि सहा घरे ओलांडली की त्यांची बढती होते. किल्लेकोट नाही. पूर्ण फेरी मारून हत्ती पुन्हा आपल्याच घरात बसवता येत नाही. ती चालच धरत नाहीत.

गंमत इथून पुढे आहे. चौकोनी पट मोकळा असेल तर हत्तीच्या टापूत चौदा घरे येतात. इथे कड्यावरची पंधरा आणि आडवी तीन, अशी अठरा. उलट उंट दुबळा होतो. त्याला कुठेही ठेवा, सहाच घरे मिळतात. राजाला लपायला कोपरा नाही, कारण हत्ती आणि वजीर दोन्ही बाजूंनी येऊ शकतात. चौकोनी पटावर उंटाच्या जोरावर जिंकणारा इथे पहिले दोन डाव हमखास गोंधळतो.

वयस्कांसाठी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण खेळल्यामुळे आजार टळला, की मेंदू ठणठणीत होता म्हणून ते खेळत राहिले, हे एवढ्यावरून ठरत नाही. तेव्हा बुद्धिबळाला औषध म्हणू नये.

खेळांबद्दल धम्म काय सांगतो, हेही कुणी विचारील. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात अष्टपद, दशपद अशा पटांवरचे खेळ, इतकेच काय, पट मनात धरून आकाशात खेळायचा खेळही येतो. तथागत त्यांपासून अलिप्त राहतात असे तिथे म्हटले आहे. पण तो संदर्भ श्रमणांच्या शीलाचा आहे. गृहस्थांसाठीच्या सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. तेव्हा पैज नको, चहाचीसुद्धा नको. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. मांडी घालून तासन्‌तास बसणे गुडघ्यांना आणि कमरेला सोसत नाही.

आणखी एक. रोज खेळणारी आजी अचानक चाली विसरू लागली, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागली, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा त्रास, नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि ती घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या.