रूळ गेले, रस्ता राहिला

मी रोज वस्तीवरून तीन किलोमीटर सायकल मारत शाळेत येतो. मागच्या गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरने मला रस्त्याच्या कडेला दाबले. दोन ट्रॉल्या अंगाजवळून गेल्या आणि मी सायकलीसकट खाली पडलो. गुडघा फुटला. आजी म्हणाली, "उद्यापासून सायकल बंद!" मला रडूच आले. ही हकिगत मी गुरुजींना सांगितली. तेव्हा त्यांनी वर्गात इंग्लंडातल्या एका रस्त्याची माहिती दिली. तीच मी येथे लिहीत आहे.

इंग्लंडच्या नैऋत्येला ब्रिस्टल आणि बाथ ही दोन शहरे आहेत. त्यांच्यामध्ये आगगाडीचा एक मार्ग होता. त्याचा बाथकडचा फाटा १८६९ साली सुरू झाला. पुढे मोटारी वाढल्या. १९६६ साली बाथची प्रवासी गाडी बंद झाली. नंतर मालगाड्याही थांबल्या आणि रूळ उचलले गेले. जागा ओसाड पडली.

१९७७ साली ब्रिस्टलच्या काही सायकलवाल्यांनी 'सायकलबॅग' नावाची संस्था काढली. मोटारींच्या गर्दीत सायकलला सुरक्षित वाट हवी, हे त्यांचे मागणे. पण ते नुसते मागत बसले नाहीत. १९७९ साली लोकांनी श्रमदान करून बाथ ते बिटन हा सुमारे आठ किलोमीटरचा पहिला तुकडा तयार केला. १९८६ पर्यंत सगळा मार्ग पुरा झाला. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी ३ मीटर.

आता तुम्ही विचाराल, रेल्वेचीच जागा का? मीही हेच विचारले. गुरुजी म्हणाले, "लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढणीला घसरते. म्हणून आगगाडीला तीव्र चढ चालत नाही." आपल्याकडे कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, ती याचसाठी. म्हणून रेल्वे बांधणारे लोक टेकडी आली की खोदतात, खोलगट भाग आला की भराव घालतात, नदी आली की पूल बांधतात. वळणेही लांबलचक ठेवतात. असा मार्ग सायकलला आयताच मिळाला, तर म्हातारा माणूसही दम न लागता जाईल. शिवाय रुळाखालची खडी दाबून घट्ट झालेली असते. ती सारखी केली की रस्त्याचा पाया तयार!

हा मार्ग ब्रिस्टलच्या उपनगरांतून, घरांच्या मागून जातो. स्टेपल हिल येथे सुमारे ४७० मीटर लांबीचा बोगदा आहे. आत दिवे लावले आहेत. मँगोट्सफील्डला जुन्या स्टेशनाच्या भिंती अजून उभ्या आहेत. बिटनजवळ हौशी लोक वाफेचे इंजिन चालवतात. एका बाजूला झुकझुक गाडी आणि शेजारून सायकली! कशी मजा येत असेल! पुढे एव्हन नदी पुलांवरून पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते. पायी चालणारे आणि चाकाच्या खुर्चीवरचे लोकही येथून जातात. मोटारीला मात्र बंदी.

पण एकदा बांधले म्हणजे संपले, असे नाही. २००८ साली या मार्गाच्या काही भागावरून बस नेण्याचा बेत निघाला. लोकांनी अर्जावर सह्या केल्या, विरोध केला. तेव्हा तो बेत मागे पडला.

हे ऐकून मी घरी जाताना आपल्या चारीकडे नीट पाहिले. चारीच्या भरावावरची वाट वस्तीपासून शाळेच्या मागेपर्यंत येते. तिलाही चढ जवळजवळ नाही, कारण पाणीसुद्धा हळूहळू उतारानेच वाहते! आपल्या गावात रेल्वे नाही, पण अशी वाट आहे. फक्त बाभळीचे काटे फार. पहिल्याच दिवशी माझी ट्यूब दोन ठिकाणी फुटली. गुरुजींनी पंचायतीत अर्ज दिला आहे. बाबा आणि वस्तीवरची मोठी माणसे येत्या रविवारी सकाळी काट्या तोडणार आहेत. आपण काटे गोळा करू. ज्यांना यायचे त्यांनी घरी विचारून यावे. पायात चप्पल घालून यावे.

आजी म्हणाली आहे, "वाट साफ झाली की मग सायकल काढ."

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी