पटलातलं चाक

संपादकांनी कर्वेनगरातल्या एखाद्या यंत्रावर लिहायला सांगितलं. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं मुलींसाठीचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१पासून इथे आहे, तेव्हा यंत्रांना तोटा नव्हता. मला मात्र ओढ लागली ती तिथल्या प्रत्येक मुलीच्या पेशींत अखंड फिरणाऱ्या यंत्राची. त्याचं नाव एटीपी सिंथेज; पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू ते घडवतं.

पेशी अन्नाच्या ऊर्जेने आपल्यातल्या एका पातळ पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवते आणि ते परत येताना त्यांच्याकडून काम करून घेते, असं पीटर मिचेल यांनी १९६१मध्ये मांडलं. १९७८मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हे काम होतं कसं? तेलकट पटलात प्रथिनांचं एक चाक रुतलेलं असतं. माणसात त्याला आठ पाकळ्या. शेजारच्या प्रथिनातल्या अर्ध्याच वाटेने प्रोटॉन आत येतो आणि पाकळीवरच्या आम्लगटाला चिकटतो. त्या गटाचा विद्युतभार झाकला गेला, की पाकळी तेलात सरकू शकते. जवळजवळ पूर्ण फेरी मारून प्रोटॉन दुसऱ्या अर्ध्या वाटेने पलीकडे सुटतो. चाकाबरोबर मधला वाकडा दांडा फिरतो आणि त्याच्याभोवतीच्या तीन खोल्यांचा आकार आळीपाळीने बदलतो. एकीत कच्चा माल शिरतो, दुसरीत जुळतो, तिसरीतून तयार एटीपी बाहेर पडतो. एका फेरीला तीन एटीपी. १९९७मध्ये जपानी संशोधकांनी दांड्याला चमकता तंतू जोडला, एटीपी देऊन यंत्र उलटं चालवलं आणि तंतू गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रसायनाचं काम असं चाक फिरवून होतं, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

क्षयाच्या जंतूतही असंच चाक आहे, नऊ पाकळ्यांचं. बेडाक्विलिन हे औषध नेमकं त्या आम्लगटापाशी बसतं आणि चाक अडतं. पाकळ्यांच्या घडणीतल्या बारीक फरकांमुळे जंतूचं यंत्र आपल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेत बंद पडतं. अमेरिकेत २०१२च्या डिसेंबरात औषधाला मंजुरी मिळाली. भारतात त्यावरची मक्तेदारी लांबवू पाहणाऱ्या पेटंट अर्जाला मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९मध्ये हरकत घेतली. टीबीच्या जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३मध्ये तो अर्ज फेटाळला गेला.

काळजी पुढेच आहे. जंतूच्या पटलात औषध बाहेर फेकणारा प्रथिनांचा पंपही असतो. त्याला आवर घालणारं जनुक बिघडलं, की पंप वाढतात आणि बेडाक्विलिनचा जोर ओसरतो. शिवाय हे औषध शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. उपचार मध्येच तुटले, तर सोबतची औषधं निघून जातात आणि हे एकटंच, अपुऱ्या मात्रेत, उरतं. प्रतिकार शिकायला जंतूला याहून सोयीची संधी नाही.

म्हणून गोळ्या चुकल्याचा दोष रुग्णावर ढकलून भागणार नाही. औषधांचा साठा खंडू न देणं, जंतू कोणत्या औषधाला दाद देतो याची चाचणी वेळेत करणं आणि रुग्णाच्या घरात अन्न आहे का ते पाहणं, हे सगळं उपचारातच धरायला हवं.