१५० पट, ५२५ पट, ६७५ पट... दुर्बीण घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

देवळाली कॅम्पात माझी मावशी राहते. तिचा मुलगा सातवीत आहे. दिवाळीत जमलेले पैसे आणि त्यात आजोबांनी घातलेली भर, असं करून त्याने ऑनलाइन दुर्बीण मागवली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५० एक्स’ आणि शेजारी शनीच्या कड्यांचा झकास फोटो.

डिसेंबरात मी गेले तेव्हा आम्ही दोघं गच्चीवर चढलो. थंडी कडाक्याची, आकाश लख्ख. पण दुर्बिणीतून चंद्राला जांभळी किनार दिसत होती आणि गुरू म्हणजे नुसता थरथरणारा रंगीत डाग. पठ्ठ्याने तासभर खटपट केली आणि मग हळूच म्हणाला, “ताई, मलाच नीट बघता येत नाही बहुतेक.”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चुकला होता तो खोक्यावरचा आकडा. म्हणूनच हा लेख. दुर्बीण घ्यायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी पाच मिनिटं काढून वाचाच.

‘इतके पट’ म्हणजे नक्की काय?

हिशोब सोपा आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे किती पट मोठं दिसणार ते. भावाच्या दुर्बिणीवर ७०/३०० असं लिहिलं होतं. याचा अर्थ भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ३०० मिलिमीटर. सोबत ६ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे ५० पट. त्यावर तिप्पट करणारं बार्लो भिंग चढवलं की झाले १५० पट!

गणित बरोबर आहे, पण उपयोग नाही. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच चित्र स्पष्ट राहतं. म्हणजे ७० मिलिमीटरला फार फार तर १४०, आणि तेही भिंग उत्तम असेल तर. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण नवीन काही दिसत नाही. मोबाइलवरचा फोटो झूम करत गेलं की कसा फाटतो, तसंच. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर ‘६७५ एक्स’ लिहिलेलं दिसलं, तर समजून जा.

मग जांभळी किनार कुठून आली?

इथे काचेचा संबंध येतो. शाळेत लोलकातून प्रकाशाचे सात रंग पाडले होते, आठवतंय? त्याला अपस्करण म्हणतात. भिंगातही तेच घडतं. निळा प्रकाश जास्त वळतो, लाल कमी. सगळे रंग एका जागी जुळत नाहीत आणि कडेला रंगीत किनार उमटते.

यावरचा जुना उपाय म्हणजे दोन वेगवेगळ्या काचांची भिंगं जोडायची. एकाने फाकवलेले रंग दुसऱ्याने बऱ्यापैकी आवरायचे. लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये याचं पेटंट घेतलं. आजही स्वस्त भिंगांच्या दुर्बिणी याच तत्त्वावर चालतात, त्यांना अ‍ॅक्रोमॅट म्हणतात.

पण या जोडीलाही मर्यादा आहे. नळी आखूड केली की रंगदोष वाढतो. म्हणूनच ६०/९०० ची काटकुळी, लांबलचक दुर्बीण रंगाच्या बाबतीत ७०/३०० पेक्षा सरस ठरते! बॅगेत मावते म्हणून आखूड दुर्बीण घेतली, तर जांभळी किनार पदरात पडणारच.

महागडी ‘ईडी’ काच म्हणजे काय?

काच रंग किती फाकवते हे मोजायला अ‍ॅबे अंक वापरतात. अंक मोठा, तितकं फाकणं कमी. नेहमीच्या बीके-७ काचेचा हा अंक सुमारे ६४. जपानच्या ओहारा कंपनीच्या एफपीएल-५१ चा ८१ च्या पुढे, तर एफपीएल-५३ चा जवळपास ९५. म्हणजे अगदी फ्लोराइट स्फटिकाच्या तोडीस तोड. अशा काचांना ईडी, म्हणजे कमी अपस्करणाची काच म्हणतात. त्या बनवायला आणि घासायला अवघड असतात, म्हणून महाग.

पण नुसतं ‘ईडी’ वाचून खिसा रिकामा करू नका. ५१ आणि ५३ दोन्ही ईडीच, फरक मात्र मोठा. त्यात जोडीला कुठली काच लावली आणि घासकाम किती नेमकं झालं, यावर अर्धा खेळ अवलंबून असतो. उत्तम घासलेली ५१ ही ढिसाळ घासलेल्या ५३ ला सहज मागे टाकते. विकणारा काचेचं नावच सांगत नसेल, तर ईडीसाठी जास्तीचे पैसे का द्यायचे?

लेपाचंही तसंच. लेप नसेल तर काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. मध्ये हवा असलेल्या दोन भिंगांना चार पृष्ठभाग, म्हणजे १५ टक्के प्रकाश वाया. बहुस्तरीय लेप असेल तर हे नुकसान अगदी किरकोळ होतं. मात्र माणकासारखी लालभडक चमकणारी भिंगं हा बहुतेकदा दिखावाच असतो.

कमी पैशांत जास्त हवं? मग आरसा!

न्यूटनने १६६८ मध्ये ही भानगडच टाळली. त्याने भिंगाऐवजी आरसा वापरला. आरशात प्रकाश काचेच्या आत शिरतच नाही, वरच्या चकचकीत थरावरूनच परततो. त्यामुळे आरसा रंग फाकवत नाही आणि आतल्या काचेची शुद्धताही फारशी महत्त्वाची राहत नाही.

मग पैसे कशाचे? आकाराच्या अचूकतेचे. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग ठरलेल्या आकारापासून साधारण ७० नॅनोमीटरहून जास्त चुकून चालत नाही. म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग! आणि गंमत म्हणजे ही अचूकता हाताने घासून मिळवता येते. पुण्याच्या आयुकातल्या दुर्बीण कार्यशाळांमध्ये हौशी लोकांनी असे आरसे स्वतः घासले आहेत.

पुण्याचं हे आरशाशी नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कावसजी नायगमवाला यांनी तिथल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत २० इंची आरशाची दुर्बीण उभी केली होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज आयुकाची गिरवलीची २ मीटरची दुर्बीणही आरशाचीच.

आता व्यासाचा हिशोब. १३० मिलिमीटरचा आरसा ७० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा जवळपास साडेतीन पट प्रकाश गोळा करतो. चांगल्या ८० मिलिमीटर ईडी दुर्बिणीच्या आसपासच्या किमतीत ८ इंची डॉबसोनियन मिळू शकते, जी सहा पट प्रकाश गोळा करते. अर्थात ती अवजड असते, आरसा अधूनमधून जुळवावा लागतो आणि थंडीत अर्धा तास आधी बाहेर ठेवावी लागते. फोटोग्राफी करायची असेल किंवा सतत प्रवास असेल, तर ईडीचे पैसे वसूल होतात. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर आरसा घ्या.

घेण्याआधी एवढं बघा

– खोक्यावर ‘पट’ नको, व्यास आणि नाभीय अंतर शोधा.
– भिंगाची घेत असाल तर ७०/७०० किंवा त्याहून लांब नळी बघा.
– आरशाची १३०/६५० सारखी आखूड दुर्बीण असेल, तर आरसा अन्वस्त, म्हणजे पॅराबोलिक आहे का विचारा. गोल वक्रतेचा आरसा तिथे चालत नाही.
– स्टँड हलवून बघा. थरथरत्या स्टँडवर जगातली भारी काचही फुकट.
– जमलं तर आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. मुंबईचं खगोल मंडळ आणि पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम त्यासाठी उत्तम.
– आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका. आयपीसवर लावायचा ‘सन फिल्टर’ सोबत आला असेल तर तो फेकून द्या. उष्णतेने तो तडकला तर डोळा कायमचा जातो.

आणि त्या दुर्बिणीचं काय झालं?

आम्ही बार्लो काढून ठेवलं. ६ ऐवजी २० मिलिमीटरचा आयपीस लावला, म्हणजे फक्त १५ पट. डुगडुगणारं स्टँड बाजूला सारून नळी गच्चीच्या कठड्यावर उशीवर टेकवली आणि पुन्हा गुरू धरला.

“ताई, याच्या बाजूला एका रेषेत चार ठिपके आहेत!”

ते गुरूचे चार मोठे चंद्र. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने साधारण २० पटीच्या दुर्बिणीतून हेच पाहिलं होतं. भावाने वही आणली आणि ठिपके कुठे कुठे आहेत ते काढून ठेवले. दुसऱ्या रात्री जागा बदललेल्या दिसल्यावर त्याने स्वतःहून मला फोन केला.

आता तो पुढच्या दुर्बिणीसाठी पैसे साठवतोय. या वेळी आरशाची घेणार म्हणतो.