क्लच पेडल नाही म्हणजे गाडी ऑटोमॅटिक? जुन्या ट्रकमध्ये तेल टाकण्याआधी हे तपासा

हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाक्यावरून जाणाऱ्या जुन्या मालट्रकना बहुतेक हातानेच गिअर टाकावे लागतात. त्यामुळे सेकंडहँड ऑटोमॅटिक किंवा फोर बाय फोर गाडी घेतली की पहिला प्रश्न पडतो, तेल कोणतं आणि किती ठिकाणी?

क्लच पेडल नसलं म्हणजे ऑटोमॅटिक, हे अर्धसत्य आहे. एएमटीतही पेडल नसतं, पण आत साधा गिअरबॉक्स आणि क्लच प्लेटच असते. पायाचं काम फक्त यंत्रणा करते. जुन्या पद्धतीच्या खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि त्यात एटीएफ लागतं. ते बहुधा लाल असतं. काळं पडून जळका वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळू लागल्या असं समजा. अंदाजावर न जाता गिअरबॉक्सवरची पाटी पुसून नंबर वाचा.

फोर बाय फोरला आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस. पुढच्या ॲक्सलकडे गेलेला शाफ्ट ही त्याची खूण. अनेक गाड्यांत त्याचं तेल वेगळं भरावं लागतं आणि सर्व्हिसिंगमध्ये नेमकं तेच राहून जातं. तेल आटलं की बेअरिंगची वाट लागते.

तेल बदलताना आधी वरचा, भरायचा नट सोडवा. खालून तेल सांडून दिलं आणि वरचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी.