चांदणीतली गाठ

पेन्सिल न उचलता पाच टोकांची चांदणी तुम्ही कितीदा तरी काढली असेल. आज तीच चांदणी सुतळीने काढू या. दोनेक मीटर सुतळी घ्या आणि पेन्सिल जाते त्याच क्रमाने ती टेबलावर मांडत जा. ती स्वतःला पाच ठिकाणी ओलांडते. तेथे प्रत्येक वेळी सुतळी नुसती वरून टाका. शेवटी दोन्ही टोके एकमेकांना जोडून सुतळी उचला व हलवा. तिचे साधे कडे होईल.

आता पुन्हा मांडा. या वेळी पहिल्या छेदावर टोक खालून घाला, दुसऱ्यावर वरून, मग खालून, वरून, खालून. टोके जोडा आणि कडे करून पाहा. होणार नाही! दोन्ही वेळा सावली एकच, चांदणीची. पण पहिली सुरगाठीसारखी सुटली आणि दुसरी निरगाठ होऊन बसली.

या दुसऱ्या सुतळीवरून एखादी मुंगी चालली, तर ती एका छेदावर वरून, पुढच्यावर खालून, अशी आळीपाळीने जाईल. कागदावर तुम्ही कशीही वेडीवाकडी बंद रेघ काढलीत, तरी हे साधेल का? एकाच जागी दोनदा ‘वरून’ जाण्याची पाळी येणार नाही का?

नाही येणार. एका छेदापासून निघून पुन्हा तेथेच येईपर्यंतच्या रेघेला आपण फास म्हणू. उरलेली रेघ या फासाच्या एकाच बाजूने निघते व त्याच बाजूला परतते. म्हणून ती फासाला सम वेळाच छेदते. फास स्वतःला जेथे छेदतो, तेथून मुंगी दोनदा जाते. तीही संख्या समच. म्हणजे मध्ये नेहमी सम छेद लागतात आणि परतताना आपोआप दुसरी पाळी येते. मात्र एका बिंदूतून तीन रेघा जाऊ देऊ नका.

चांदणीच्या पाच छेदांवर वर-खाली ठरवण्याच्या एकूण ३२ रीती आहेत. त्यांपैकी २० सुटून कडे होते, १० मध्ये तीन छेदांचीच गाठ उरते. पाचही छेद टिकतात ते फक्त दोन रीतींत. या दोन्ही आळीपाळीच्याच, एकमेकींची आरशातली प्रतिबिंबे!

पण आपल्याला सुटली नाही म्हणजे ती कोणालाच सुटणार नाही, हे कशावरून? स्कॉटलंडमधील भौतिकीचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८७६ च्या सुमारास गाठींची यादी करायला घेतली. आळीपाळीच्या आकृतीत नुसत्या पिळाने निघून जाणारा छेद नसेल, तर त्या गाठीचे छेद आणखी कमी करता येत नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. सिद्धता मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. वॉन जोन्स यांनी १९८४ मध्ये गाठी ओळखण्याची एक नवी बीजगणिती रीत शोधली. तिच्या आधारे १९८७ मध्ये कॉफमन, मुरासुगी आणि थिसलथ्वेट यांनी स्वतंत्रपणे तो अंदाज खरा ठरवला. गणिताच्या या शाखेला टॉपॉलॉजी म्हणतात.

आता सात टोकांची चांदणी घ्या. तीही पेन्सिल न उचलता दोन प्रकारे काढता येते. प्रत्येकीत छेद किती, ते मोजा आणि मुंगीला चालवून पाहा.