विचार म्हणजे गुन्हा नव्हे!

झरीकडचा एक तरुण पक्षकार घटस्फोटासाठी आला. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगतो. "वकीलसाहेब, बायकोला येड लागलंय. विळी घराबाहेर टाकती. रातच्याला दहादा उठवून इचारती, लेकरू बरं हाय ना? अन् लेकराला जवळ घेत नाही." दोन देवऋषी करून झाले होते.

पत्नीला बोलते केले. ती रडत म्हणाली, "भाजी चिरताना मनात आलं, माझ्याच हातून लेकराला काही झालं तर? अशी माय असती का कुठं?"

हे वेड नव्हे, करणी तर नव्हेच. हा मंत्रचळ; डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. नको तो विचार पुनःपुन्हा येतो आणि त्याची भीती घालवण्यासाठी धुणे, तपासणे, मोजणे, विचारणे सुरू होते.

रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवून दिले, की असे विचार धडधाकट माणसांच्या मनातही येतात. फरक पडतो तो विचाराला दिलेल्या अर्थाने. इतरांच्या मनात तो येतो नि जातो. रुग्ण मात्र समजतो, 'विचार आला म्हणजे मी तशीच. काही घडले तर दोष माझाच. पक्की खात्री झालीच पाहिजे.' १९८५ मध्ये पॉल साल्कोव्हस्किस यांनी या अवाजवी जबाबदारीच्या समजुतीवरच बोट ठेवले. विळी फेकल्याने घटकाभर बरे वाटते, पण समजूत आणखी घट्ट होते. घरच्यांनी रोज दिलेला दिलासाही तेच करतो.

नुसत्या मनातल्या विचाराला कायदा शिक्षा देत नाही. ही माउली मात्र स्वतःच फिर्यादी, स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश झाली होती!

याच आजारात कुणी दिवसभर हात धूत बसतो. विटाळाची झळ सोसलेल्या आपल्या समाजाला ते पाहून सोवळे आठवते. पण गल्लत नको. अस्पृश्यता पाळणारा दुसऱ्याला छळतो आणि सुखाने झोपतो. हा रुग्ण स्वतःच छळला जातो. आपले वागणे अतिरेकी आहे, हे बहुधा त्याला कळतही असते. विटाळ, पाप, करणी या समजुती मात्र त्याच्या भीतीला आयते सरपण पुरवतात.

उपाय आहेत. औषधे आहेत. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली भीतीला थोडेथोडे सामोरे जायचे आणि तपासणे, विचारणे टाळायचे, असा वर्तनोपचारही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क झाला आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि घटस्फोट? नुसते आजाराचे नाव त्याला पुरत नाही, आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितले आहे.

मी वकीलपत्र घेतले नाही. मानसोपचारतज्ज्ञाचा पत्ता लिहून दिला आणि म्हणालो, "जाताना दोघे मिळून जा."